कवळी घडविणारे हात

दिल्लीत बदलीवर आलेल्या मराठी माणसाच्या घरी एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. गावाकडून वडील काही महिन्यांसाठी येथे येतात. थंडी, हिंदी आणि शेजार यांच्याशी त्यांचे कसेबसे जुळते. परंतु भाकरीचा पापुद्रा चावेनासा होतो, भाजलेल्या शेंगदाण्यांकडे नुसते पाहत बसावे लागते, आणि ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण त्यांच्या तोंडी वारंवार येऊ लागते. मग कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना रुग्णालयात नेणे भाग पडते. पाच-सहा खेपा होतात. कधी माप घेतले जाते, कधी मेणाचे दात लावून पाहिले जातात, आणि अखेरीस एके दिवशी पाण्याने भरलेल्या डबीतून कवळी हाती येते.

माझ्या वडिलांची कवळी अशीच एका अध्यापन-रुग्णालयात तयार झाली. ती बसविल्यावर त्यांनी आरशात पाहिले, ओठ मिटून पाहिले, पुन्हा उघडले, आणि तरुण डॉक्टरला ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या हातात कला आहे.” डॉक्टर प्रांजळ होता. तो हसून म्हणाला, “माप माझे, पण हात माझा नाही. आतल्या प्रयोगशाळेत ज्यांनी ही घडविली त्यांचा तो हात.” वडिलांनी त्यांचे नाव विचारले. डॉक्टर क्षणभर अडखळला. “सगळे त्यांना उस्तादजी म्हणतात,” एवढेच त्याला सांगता आले.

सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला या उत्तराचे फारसे आश्चर्य वाटू नये. मसुदा एकाने करावा आणि सही दुसऱ्याने करावी, हा आपल्या कचेऱ्यांचा नित्याचा धर्म आहे. परंतु नस्तीवर निदान टिपणी लिहिणाऱ्याची आद्याक्षरे तरी राहतात; पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाने ती नस्ती उघडली, तर मूळ विचार कोणाचा होता हे त्याला कळू शकते. माणसाच्या तोंडात चोवीस तास वावरणाऱ्या या वस्तूवर मात्र कर्त्याची खूण कोठेच नसते. ही अनामिकता आजची नाही. तिचा माग काढू लागलो तर दिल्लीहून निघून पुण्यापर्यंत जावे लागते, आणि तेही पेशवाईत.

*

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकण्याच्या कामावर असलेला एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या हाती सापडला. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहून ठेवले आहे. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. पुढे १७९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये ही हकीकत चित्रासह प्रसिद्ध झाली, आणि युरोपातील शस्त्रवैद्यांचे लक्ष हिंदुस्थानातील या जुन्या विद्येकडे वेधले गेले. जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये त्याच रीतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त छापला. आज जगभर ज्याला प्लास्टिक सर्जरी म्हणतात, तिच्या अर्वाचीन इतिहासातील हे एक आरंभीचे पान आहे.

या हकीकतीत आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली कृतीसंबंधीची. त्या कारागिराने आधी मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो कापलेल्या नाकाच्या जागी बसविला व त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी कातडी उचलून खाली वळविली. म्हणजे सुरी चालण्यापूर्वी मेण चालले. जे अवयवाच्या रूपाने व्हायचे होते ते आधी मेणात होऊन गेले. दंततंत्रज्ञाच्या विद्येचा सारा गाभा या एका वाक्यात आहे.

दुसरी गोष्ट नावांची. रुग्णाचे नाव राहिले. अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे मुंबईचे दोन इंग्रज वैद्य टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले यांची नावे राहिली. १७९४ च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढणारा जेम्स वेल्स, त्या चित्राचे खोदकाम करणारा विल्यम नटर, हेही नामनिशीवार उपलब्ध आहेत. ज्याने नाक केले तो मात्र ‘वीटकाम करणाऱ्या जातीचा एक मनुष्य’ म्हणजे आपला कुंभार, एवढ्यावरच भागविले गेले. आपल्या भूमीतील एवढ्या मोठ्या कर्तबगारीचा धनी आपल्याला जातीवरून ठाऊक आहे, नावावरून नाही. माझ्या वडिलांना मिळालेल्या उत्तरात आणि या नोंदीत सव्वादोनशे वर्षांहून अधिक अंतर आहे. प्रकार मात्र एकच आहे.

*

दात करणारा आणि दात बसविणारा हे पूर्वी दोन नव्हते. उर्दूत ‘दंदानसाज’ म्हणजे दात घडविणारा असा शब्द आहे. तो घडवी आणि तोच बसवी. चीनच्या हुपेह प्रांतातून येऊन कलकत्ता, मुंबई, दिल्ली अशा शहरांत स्थायिक झालेल्या चिनी दंतकारांच्या घराण्यांतही पुढच्या खोलीत खुर्ची आणि मागच्या खोलीत कारखाना अशीच व्यवस्था असे. युरोपातही निराळे नव्हते. आधुनिक दंतवैद्यकाचा पाया घालणारा पिएर फोशार हा फ्रेंच पंडित १७२८ च्या आपल्या ग्रंथात दात काढण्याइतकेच दात घडविण्यावरही लिहितो.

ही जोडी फुटली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला कारण झाले रबर. हस्तिदंत कोरून किंवा सोन्याचा पत्रा ठोकून केलेली कवळी श्रीमंतांनाच परवडे. गंधकाबरोबर तापवून कठीण केलेले रबर, म्हणजे व्हल्कनाइट, १८५० नंतर वापरात आले, आणि मध्यम स्थितीतल्या माणसालाही दात मिळू लागले. ते रबर शिजविण्यासाठी वाफेच्या दाबाचे भांडे लागे, साचे लागत, वेळ लागे. ज्या कंपनीकडे त्याच्या एकस्वाचे हक्क होते तिने प्रत्येक दंतवैद्याकडून शुल्क वसूल करण्याचा असा काही सपाटा लावला, की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सॅम्युएल चाल्फंट या त्रासलेल्या दंतवैद्याने कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला गोळी घातली. १८८१ मध्ये एकस्व संपले आणि व्हल्कनाइट सर्वांना मोकळे झाले. याच दशकात अमेरिकेत केवळ कवळ्या करून देणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळा निघू लागल्या. खुर्ची पुढे राहिली, कारखाना भिंतीआड गेला, आणि कारखान्यातला माणूस रुग्णाच्या नजरेआड झाला.

*

हिंदुस्थानात या विद्येचे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून ते १९१५ मध्ये दंतवैद्य होऊन आले होते. ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे दुकान काढून त्याच्या उत्पन्नावर त्यांनी हे महाविद्यालय चालविले, ही गोष्ट आज कादंबरीतली वाटेल. पुढे १९४९ मध्ये त्यांनी ते सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्यामागून १९३३ साली मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय आणि १९३४ साली लाहोरचे दमाँमोरन्सी महाविद्यालय निघाले. उत्तर हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांचे जवळचे ठिकाण म्हणजे लाहोर. फाळणीत ते पलीकडे राहिले. अलीकडे अमृतसरला त्याची जागा घेणारे महाविद्यालय १९५२ साली उभे राहिले.

फाळणीपूर्वीच या क्षेत्रातील दारिद्र्य एका समितीने नोंदवून ठेवले होते. आपल्या वाचकांना त्या समितीच्या अध्यक्षांविषयी विशेष आपुलकी वाटावी. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. त्यांच्या समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात सबंध हिंदुस्थानात सुमारे १००० प्रशिक्षित दंतवैद्य, म्हणजे तीन लाख लोकांमागे एक, असा हिशेब आहे. उरलेली सारी प्रजा वैदू, न्हावी, सोनार आणि बाजारातले दंतकार यांच्या हवाली होती.

या परिस्थितीत १९४८ चा दंतवैद्य कायदा आला. त्यान्वये १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या कायद्याची चर्चा बहुधा दंतवैद्यांच्या अंगाने होते. अर्हताप्राप्त वैद्य कोण, जुन्या अनुभवावर नोंद कोणाला मिळावी, इत्यादी वाद त्या वेळी झाले आणि पुढेही होत राहिले. परंतु त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. भिंतीआडच्या त्या माणसाला कायद्याने प्रथमच एक संज्ञा दिली: ‘डेंटल मेकॅनिक’. व्याख्या अगदी आटोपशीर आहे. कवळ्या व दातांची उपकरणे जो करतो किंवा दुरुस्त करतो, तो डेंटल मेकॅनिक. त्याच्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली. पुढे परिषदेने त्याच्या शिक्षणाला दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखून दिला. व्यवहारात कालांतराने ‘डेंटल टेक्निशियन’ हा शब्द रूढ झाला. आपण त्याला दंततंत्रज्ञ म्हणू.

कायद्याच्या शब्दांकडे निरखून पाहण्याची सवय असलेल्या वाचकांना यातील एक बारकावा आवडेल. याच कायद्याने ‘दंतवैद्यक’ या शब्दाची व्याख्या करताना कवळ्या घडविणे व त्यांचे नूतनीकरण करणे हेही दंतवैद्यकातच धरले. म्हणजे घडविण्याचे काम दोघांचे. मात्र रुग्णाच्या तोंडात हात घालणे, सल्ला देणे, माप घेणे आणि बसविणे हे एकट्या वैद्याचे. ही मर्यादा रास्तच होती. तोंडातील एखादा व्रण साधा की कर्करोगाचा, हे ओळखण्याचे शिक्षण तंत्रज्ञाला नसते, आणि बाजारातल्या दंतकारांनी केलेली हानी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होती. परंतु या मर्यादेची एक किंमत होती. ज्याच्यासाठी आपण घडवितो त्याचे तोंड पाहण्याचा अधिकार घडविणाऱ्याला उरला नाही. त्याला मिळू लागला तो प्लास्टरचा साचा आणि त्यासोबतची एक चिठ्ठी.

*

दिल्लीत या विद्येचे आजचे प्रमुख सरकारी ठिकाण बहादूरशाह जफर मार्गावर, दिल्ली दरवाजाजवळ आहे. या जागेचा इतिहास थोडा सांगितलाच पाहिजे. समोरच्या खूनी दरवाजापाशी १८५७ च्या सप्टेंबरात हॉडसनने बादशहाच्या दोन पुत्रांना व एका नातवाला गोळ्या घातल्या. त्या काळी पलीकडे होती ती जहांगीरकालीन फरीदखानाची सराई. इंग्रजांनी तिचा तुरुंग केला. मास्टर अमीरचंद, अवधबिहारी व भाई बालमुकुंद यांना १९१५ च्या मे महिन्यात याच तुरुंगात फाशी देण्यात आले. १९५८ साली तुरुंग तिहारला गेला. शेजारच्या आयर्विन रुग्णालयाला, ज्याला पुढे लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव मिळाले, जोडून मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय १९५८-५९ मध्ये उभे राहिले, आणि तुरुंगाची जागा विद्यार्थ्यांना मिळाली. येथे दंतवैद्यकाची शाखा १९८३ साली सुरू झाली व २००३ साली तिचे स्वतंत्र मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. पुढे राजधानीच्या परिसरात जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठात आणि गाझियाबाद, फरीदाबाद, गुडगाव या बाजूंना खाजगी क्षेत्रातही दंतमहाविद्यालये निघाली. त्या प्रत्येकाच्या आत, बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीपासून दूर, एक प्रयोगशाळा असतेच.

तिला प्रयोगशाळा म्हणतात खरे, पण आत पाऊल टाकताच आठवण येते ती कुंभारवाड्याची आणि सोनाराच्या पेढीची. एकीकडे प्लास्टरच्या गोण्या, पांढरी धूळ, पाण्याचे नळ. दुसरीकडे लहान ज्योत, तीवर तापणाऱ्या बारीक सुऱ्या, मेणाचे गुलाबी पत्रे. कोपऱ्यात गरगर फिरणारे पॉलिशचे यंत्र. येथील द्रव्यांची वंशावळ पाहिली तर सारा देश, नव्हे सारे जग या टेबलावर गोळा झालेले दिसते. प्लास्टर ज्यापासून होते तो जिप्सम दगड आपल्याकडे मुख्यतः राजस्थानच्या वाळवंटातला. तळपट्टीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली लाख छोटानागपूरच्या जंगलातली. तिच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये खास संस्थाच निघाली. मेण मधमाशीचे. ठसा घेण्याची जी लापशी आज सर्वत्र वापरतात ती समुद्रशैवालापासून केलेली. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे अगर मिळेनासे झाले, तेव्हा तिचा प्रसार झाला.

ठशात प्लास्टर ओतून तोंडाची प्रतिकृती करणे हे पहिले काम. सोपे दिसते, पण नवशिक्या येथेच फसतो. शंभर ग्रॅम साध्या प्लास्टरला पाणी सुमारे पन्नास मिलिलिटर, आणि कठीण जातीच्या प्लास्टरला त्याहून बरेच कमी. पाणी वाढले की साचा भुसभुशीत होतो. ओतताना एक बुडबुडा राहिला की टाळूवर नसलेला उंचवटा कवळीत उतरतो आणि महिनाभर म्हातारा माणूस “टोचते, टोचते” म्हणत खेपा घालतो.

मग येते चिठ्ठी आणि तिच्याबरोबरचा मेणाचा कठडा. वैद्याने रुग्णाच्या तोंडात तो बसवून त्यावर तीन-चार रेघा ओढलेल्या असतात. चेहऱ्याची मध्यरेषा कोठे, हसताना ओठ किती वर जातो, सुळा कोठे यावा. या रेघांवरून तंत्रज्ञाला न पाहिलेल्या माणसाचा चेहरा वाचायचा असतो. वरचे-खालचे साचे तो जबड्याप्रमाणे हालणाऱ्या एका पितळी चौकटीत बसवितो आणि दात मांडू लागतो. अक्कलदाढा सोडून वर चौदा, खाली चौदा. सत्तरीच्या शेतकऱ्याला विशीच्या नटीचे दात शोभत नाहीत हे त्याला कळावे लागते. चांगला कारागीर पुढचा एखादा दात जाणूनबुजून किंचित तिरका ठेवतो, दोहोंमध्ये केसाएवढी फट सोडतो, कारण सरळ रेषेत उभे केलेले दात पाहताक्षणी खोटे वाटतात. निसर्गाची चूक नेमकी किती करावी, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

मेणातले दात रुग्णाच्या तोंडात लावून पाहून झाले, की मेणाची जागा ॲक्रिलिकने घ्यायची. हे प्लास्टिक १९३७ च्या सुमारास कवळीत आले आणि काही वर्षांतच त्याने काळसर-तांबूस व्हल्कनाइटला हद्दपार केले. साचा पितळी डबीत पुरतात, उकळत्या पाण्याने मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत तीन भाग पूड व एक भाग द्रव असे कालवून झालेली कणीक भरतात. ती शिजवावयाची ती मंद आचेवर, सुमारे ७४ अंशांवर काही तास. घाईने आच वाढविली तर द्रवाला आतल्या आत उकळी फुटते आणि कवळीत छिद्रे पडतात. पुरणाला करपू न देता शिजविणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागणार नाही.

अध्यापन-रुग्णालयातील तंत्रज्ञाचे काम येवढ्यावर संपत नाही. दंतवैद्यकाच्या आरंभीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांना मेणात दात मांडण्याचे पहिले धडे याच टेबलांवर घ्यावे लागतात. वेळापत्रकावर शिकविणाऱ्यांची नावे प्राध्यापकांची असतात, आणि त्यांचे मार्गदर्शन असतेच. पण रात्री उशिरापर्यंत बसलेल्या मुलीच्या हातातून सुरी घेऊन “बेटी, मेण आधी तापव, मग कापू नकोस, वळव,” असे सांगणारा बहुधा तंत्रज्ञ असतो. पुढे ती डॉक्टर होते, त्याला चिठ्ठ्या पाठविते, आणि त्याचे मोठेपण असे की ती चुकली तर तो साचा परत पाठविताना चिठ्ठीवर फक्त प्रश्नचिन्ह काढतो.

याहून जड जबाबदारीची कामेही येथे येतात. तंबाखूने आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचा जो कहर मांडला आहे, त्यात कित्येकांची टाळू शस्त्रक्रियेत काढून टाकावी लागते. असा माणूस पाणी प्याला तर ते नाकातून येते. बोलला तर शब्दाला आकार येत नाही. त्या भगदाडाला बरोबर बसेल अशी झडप कवळीला जोडून द्यावी लागते. सोळाव्या शतकात आम्ब्रवाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने अशा झडपा वर्णिल्या. आज त्या ॲक्रिलिकच्या होतात. झडप बसली की तो माणूस पुन्हा घोटभर पाणी पितो आणि घरच्यांना कळेल असे बोलतो. दुभंगलेल्या टाळूचे नवजात मूल दूध ओढू शकत नाही, त्याच्यासाठी बोटाच्या पेराएवढी पट्टी करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून काचेचे डोळे येणे बंद पडले, तेव्हा अमेरिकन सैन्याच्या दंतविभागातील लोकांनी कवळीच्याच ॲक्रिलिकचे डोळे करून दाखविले. तेव्हापासून कृत्रिम डोळा, कान, नाक हीही कामे दंतप्रयोगशाळेच्या वाट्याला आली. ज्याचे नाक गेले आहे अशा माणसाच्या चेहऱ्याची प्लास्टरप्रतिकृती पुढ्यात ठेवून आजचा तंत्रज्ञ आधी मेणाचे नाक घडवितो आणि मग ते सिलिकोनमध्ये उतरवितो. पुण्याच्या त्या कुंभाराला येथे उभे केले तर सिलिकोन त्याला नवे वाटेल. मेण आणि बोटांची हालचाल तो लगेच ओळखील.

*

या हातांनी किंमतही मोजली आहे. प्लास्टर, घासण्याचे दगड, वाळूच्या झोताने धातू साफ करण्याची यंत्रे, यांची धूळ छातीत जाऊन बसते. दंततंत्रज्ञांना होणारा फुप्फुसांचा धुळीचा आजार वैद्यकाला चांगला परिचित आहे. काही मिश्रधातूंत बेरिलियम असे, त्याची धूळ तर अधिकच घातक. ॲक्रिलिकच्या द्रवाने बोटांची कातडी फुटते. धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि मुखपट्ट्या यांची आवश्यकता सर्वमान्य आहे. पण जो दिसत नाही त्याच्या श्वासाची आठवण अंदाजपत्रक करताना सर्वांत शेवटी होते, हे आपल्यापैकी ज्यांनी अंदाजपत्रके केली आहेत त्यांनी प्रामाणिकपणे कबूल करावे.

आता तर हात नकोतच, असे म्हणणारे दिवस आले आहेत. १९८५ साली झुरिकमध्ये संगणकाच्या साहाय्याने दाताचा तुकडा कोरून रुग्णाला बसविण्यात आला. आज ठशाऐवजी प्रकाशकिरणांनी तोंडाचे चित्र घेतात, पडद्यावर दात मांडतात आणि यंत्र तो कठीण चिनीमातीसारख्या द्रव्यातून कोरून काढते. कायद्याचे रूपही बदलत आहे. १९४८ च्या कायद्याच्या जागी यावा म्हणून २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. या सुधारणेबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. व्हल्कनाइट आले तेव्हा हस्तिदंत कोरणारे हळहळले असतील. ॲक्रिलिक आले तेव्हा व्हल्कनाइटवाले. प्रत्येक वेळी दात स्वस्त झाले आणि अधिक माणसे जेवू लागली. पडद्यावर दात मांडणारालाही केसाएवढी फट कोठे सोडावी हे ठाऊक असावेच लागते, आणि ते त्याला कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावे लागते. माझी चिंता वेगळी आहे. यंत्रावर त्याच्या निर्मात्याचे नाव ठळक असते, संगणकप्रणालीवर कंपनीची मुद्रा असते. उद्या कवळीचा इतिहास लिहिणाराला यंत्राचे नाव सापडेल, वैद्याचे सापडेल. ज्याच्या बोटांतून हे ज्ञान या यंत्रापर्यंत येऊन पोहोचले त्याचे मात्र पुन्हा ‘अमुक जातीचा एक मनुष्य’ असेच वर्णन करण्याची पाळी येईल.

उपाय फार मोठा नाही. प्रत्येक कवळीबरोबर रुग्णाला मिळणाऱ्या कागदावर वैद्याच्या सहीखाली घडविणाऱ्याचे नाव व नोंदणीक्रमांक लिहिला, तर खर्च एका ओळीचा आहे. कवळी मोडली तर कोणाकडे जावे हे रुग्णाला कळेल. चांगली झाली तर श्रेय आणि बिघडली तर जबाबदारी, दोन्ही योग्य ठिकाणी पोहोचतील. ज्या नोंदवहीची तरतूद १९४८ च्या कायद्याने केली होती, तिचा सामान्य माणसाला झालेला तो पहिला प्रत्यक्ष उपयोग ठरेल.

माझ्या वडिलांनी मात्र शासननिर्णयाची वाट पाहिली नाही. पुढच्या खेपेस त्यांनी हट्टच धरला, आणि तरुण डॉक्टर आम्हाला आत घेऊन गेला. टेबलावर वाकलेल्या एका साठीच्या माणसाने मान वर केली. वडिलांनी हात जोडले. त्या गृहस्थांनी नमस्कार स्वीकारला खरा, पण त्यांची नजर वडिलांच्या चेहऱ्यावर नव्हती, ओठांवर होती. हिंदीत ते म्हणाले, “डावा सुळा मी जरा आत घेतला होता. हसून दाखवा पाहू.” वडील हसले. उस्तादजींनी मान डोलावली आणि म्हणाले, “ठीक बसला. इतकी वर्षे या खोलीत आहे, पण दात पाहायला कोणी परत आले असे फार थोड्यांदा घडले.”

वडिलांनी त्यांचे पूर्ण नाव विचारून घेतले आणि घरी आल्यावर आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. ते येथे छापण्यास मी त्यांची अनुमती घेतलेली नाही, म्हणून या लेखातही ते निनावीच राहिले आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी एखादी डबी उशाशी असेल, त्यांनी पुढच्या खेपेस आतल्या खोलीपर्यंत जरूर जावे.